लेकीच्या हाताचं माप आणि उभा इलेक्ट्रिक बास

माझी लेक डबल बास वाजवते, म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं, पण माणसापेक्षा उंच आणि उभं धरून वाजवायचं चार तारांचं वाद्य. तिच्या घरापासून तालमीच्या जागेपर्यंत तो न्यायचा म्हणजे एक टेम्पो, दोन माणसं आणि तीन मजल्यांचा जिना. सहा वर्षांपूर्वी एकदा ती म्हणाली, "बाबा, रिक्षात मावेल असा एक उभा इलेक्ट्रिक बास बांधून दे ना. पण हाताला तो माझाच बास वाटला पाहिजे."

मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. डाय, जिग, फिक्स्चर हे माझं काम. तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकल्यावर मला कळलं की हे आधी मापाचं काम आहे आणि मग लाकडाचं. आतापर्यंत दोन बास बांधले. पहिला फसला, दुसरा ती आज वाजवते. ज्यांना असा बास बांधायचाय त्यांनी पहिल्यातली चूक करू नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी वाजवणाऱ्याला मोजा

डबल बासच्या फिंगरबोर्डवर (मानेवरची पट्टी, जिच्यावर बोटाने तार दाबतात) पडदे नसतात. तारा चार: जाडीपासून बारीकपर्यंत ई, ए, डी आणि जी. मग बोट नेमक्या जागी पडतं कसं? मी तिला डोळे मिटून वाजवायला सांगितलं आणि शेजारी बसून नुसतं बघितलं. डावा हात मानेवरून खाली येतो, अंगठा मानेच्या टाचेत (मान धडाला मिळते तिथे) अडकतो आणि पहिलं बोट जी तारेवर डी सुरावर पडतं. दर वेळी. आणखी खाली जायचं असलं की मनगटाला बासचा खांदा लागतो, तिथून पुढचे सूर ती ओळखते. म्हणजे टाच आणि खांदा या तिच्या हाताच्या खुणा. बाजारातले काही उभे इलेक्ट्रिक बास म्हणजे सरळ दांडकं असतं, त्यात या खुणा नसतात किंवा असल्या तरी भलत्या जागी असतात. तिथे वर्षानुवर्षं कमावलेला हात चुकायला लागतो.

म्हणून पहिलं काम: वाजवणाऱ्याचा स्वतःचा बास आडवा ठेवा आणि तपकिरी कागदावर त्याचं खऱ्या आकाराचं चित्र काढा. वरच्या नटपासून (तंबोऱ्याला अटी असते तसं) ब्रिजपर्यंतची (ब्रिज म्हणजे घोडी) तारेची लांबी सगळ्यात महत्त्वाची. थ्री-क्वार्टर (नेहमीच्या वापरातल्या मापाच्या) बासमध्ये ती साधारण १०४० ते १०७० मिमी असते. लेकीच्या बासची १०५० भरली. बास गिटारची ८६४ असते. त्यामुळे "बास गिटारची मान उभी लावू" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दोन सुरांमधलं अंतरच बदलतं.

सुरांच्या जागा गणिताने निघतात. तारेची लांबी ल धरली तर न श्रुत्यंतरं वरचा सूर नटपासून ल × (१ − २^(−न/१२)) इतक्या अंतरावर येतो. श्रुत्यंतर म्हणजे इथे पियानोच्या, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून, दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर. जी ते डी हे ७. १०५० मिमीवर उत्तर येतं ३४९, म्हणजे जवळजवळ बरोबर एक तृतीयांश. सप्तकाचा वरचा जी अर्ध्यावर, ५२५ वर. टाचेची जागा मात्र मी सूत्रावरून ठरवली नाही. तिचा अंगठा टाचेत, बोट ३४९ वर, अशा स्थितीत अंगठ्याची कड कुठे येते ते पेन्सिलीने कागदावर उतरवलं. प्रत्येकाच्या हाताचं माप वेगळं असतं. तुमच्या वादकाचंच घ्या.

मग १८ मिमी प्लायवूडचा एक फर्मा कापा. तारा नकोत, आवाज नको. मान, टाच, खांद्याच्या जागी एक फळकूट, ब्रिजच्या उंचीला एक ठोकळा आणि खाली टेकूची सळई, बस्स. आमच्या गच्चीवर लेक या फर्म्यासमोर चार संध्याकाळ उभी राहिली. नट तिच्या कपाळाच्या रेषेत यावं म्हणून सळई वरखाली केली. तिने हातात खरा गज घेऊन हवेत फिरवला, तेव्हा ई तारेच्या बाजूला गज बासच्या अंगाला घासतो हे लक्षात आलं आणि ब्रिजपाशी दोन्हीकडून कंबर आत घ्यावी लागली. डाव्या कुशीला टेकायला एक कड हवी होती, तिथे घडी घालता येईल असा पंख जोडला. हे सगळं प्लायवर करायला एक करवत आणि दोनशे रुपयांचे स्क्रू पुरतात. लाकूड कापल्यावर हेच बदल करता येत नाहीत.

ओढ किती?

डबल बासच्या पोलादी तारा तार-संचाप्रमाणे साधारण २५ ते ३० किलोच्या ताणाने बसतात. सरासरी २८ धरली तर चार तारांची ओढ ११२ किलो. दीड माणूस चोवीस तास त्या मानेला लटकलाय असं समजा.

पहिल्या बासमध्ये मी इथेच चुकलो. सागवानाची एकच फळी घेतली, आत काही मजबुती घातली नाही, फिंगरबोर्ड साध्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला. उन्हाळ्यात सगळं छान होतं. जुलैत तारा फिंगरबोर्डपासून वर जायला लागल्या. ऑगस्टमध्ये सरळपट्टी लावून बघितलं तर मान मधोमध ४ मिमी वाकलेली. दोन कारणं होती. पांढरा गोंद सतत ओढीखाली राहिला की अगदी हळू सरकत राहतो. आणि लाकूड हवेतला ओलावा घेतं: ३० टक्के आर्द्रतेत ते साधारण ६ टक्के ओलाव्याशी स्थिरावतं, ८५ टक्क्यांत १७-१८ टक्क्यांशी. पुण्यातला एप्रिल आणि जुलै म्हणजे नेमकी हीच दोन टोकं.

दुसऱ्या वेळी मान तीन पट्ट्यांची केली: बाहेर सागवान, मध्ये शिसव, आणि मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरची एकेक सळई, ६ × १२ मिमी. पोलाद का नाही, असं टूलरूमचा माणूस विचारणारच. सागवानाचा कडकपणा साधारण १२ गिगापास्कल, पोलादाचा २००, कार्बनच्या ओढीव सळईचा १२०च्या आसपास. पण कार्बनचं वजन पोलादाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच. हा बास खांद्यावर जाणार आहे. सळई उभी बसवा, आडवी नको. ६ × १२ची सळई उभी असली तर आडवीपेक्षा चौपट वाकायला विरोध करते. ड्रोनचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात या सळया मिळतात. खाच सळईपेक्षा अर्धा मिमी रुंद ठेवा आणि इपॉक्सीने भरा, २४ तासांचा हळू घट्ट होणारा प्रकार घ्या. कार्बन कापताना तोंडाला चांगला मास्क आणि पाण्याचा हात, ती धूळ फुप्फुसात जायला नको.

सागवान मला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईतून मिळालं. जुनं लाकूड घ्यायचं कारण भावनिक नाही, अनेक पावसाळे बघितलेली तुळई आता फारशी हलत नाही. दोन गोष्टी सांभाळा. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. आणि फळी कापताना शेवटच्या तोंडावर वर्षवलयं पृष्ठभागाला उभी येतील अशी कापा. आडवी आली तर पट्टी पिळवटते. सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी जोडाची जागा ॲसिटोनने पुसून लगेच गोंद लावा. पातीही लवकर बोथट होतात, त्यात वाळूसारखे सूक्ष्म कण असतात. धार लावायचा दगड शेजारीच ठेवा.

सगळी दांडी वरून खालपर्यंत अखंड ठेवली, १४५० मिमी. १०५० तार, वर खुंट्यांना २००, खाली तारा अडकवायला २००. हा शेवटचा आकडा ठरवण्याआधी तारांचा संच विकत घ्या आणि टेबलावर पसरा. डबल बासच्या तारेला दोन्ही टोकांना रेशीम गुंडाळलेलं असतं. ते रेशीम नट आणि ब्रिज यांच्या मधे येता कामा नये, आणि ब्रिजमागची लांबी त्यावर ठरते. खुंट्या बास गिटारच्या चालतात, पण ई तारेचं जाड टोक फटीत बसतंय का हे तारच हातात घेऊन बघा.

फिंगरबोर्ड, आणि मिरजेत शिकलेली गोष्ट

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या.

लांबी ८४० मिमी. नटपाशी रुंदी ४३, कारण बाहेरच्या दोन तारांमधलं अंतर तिथे ३१ आहे. ब्रिजपाशी तेच अंतर ८२. मग ८४० मिमीवर, म्हणजे तारेच्या लांबीच्या आठ दशांशावर, ते ३१ + ०.८ × ५१ म्हणजे ७२ होतं. दोन्ही कडांना ८-८ मिमी सोडले की टोकाची रुंदी ८८. गोलाई ७५ मिमी त्रिज्येची. पत्र्याचा फर्मा कापून दर शंभर मिमीवर तपासली. आबनूस उत्तम, पण इतका लांब आणि निर्दोष तुकडा मिळणं कठीण. मी शिसव वापरलं. चिकटवायला सरस: रात्रभर पाण्यात भिजवून ६० अंशांच्या पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा, उकळायचा नाही. दोन्ही लाकडं हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, म्हणजे सरस लगेच थिजत नाही. तो ओढीखाली सरकत नाही आणि पुढे कधी बोर्ड काढायचा झाला तर गरम सुरीने सुटतो.

आता बाक. फिंगरबोर्ड लांबीत सरळ नसतो, अगदी किंचित खोलगट असतो, कारण तार हलताना मधे जास्त जागा घेते. हे पुस्तकी कारण. लेकीला मात्र याहून वेगळं काही हवं होतं. जॅझ वाजवताना तार छेडली की सूर "म्वा" असा उमलतो, गुरगुरतो, मग गातो. पहिल्या बासवर तो कधीच आला नाही. मी किती तरी वेळा बोर्ड घासला, तार खाली घेतली, वर घेतली. एक तर खडखड, नाहीतर मुका सूर.

मिरजेला एका लग्नाला गेलो होतो, तिथे तंबोरे बनवणाऱ्या एका कारागिरांकडे थांबलो. ते जवारी काढत होते. घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासायचा, खिडकीच्या उजेडात तिरका धरून बघायचा, तार चढवून ऐकायची, खाली दोरा सरकवायचा, पुन्हा उतरवायची. त्यांनी दाखवलं की तार घोडीवरून एकदम सुटत नाही. अगदी उथळ उतारावरून, कणाकणाने सुटते, आणि प्रत्येक आंदोलनात ती त्या उताराला पुसटसं शिवून जाते. त्या स्पर्शातून वरचे स्वरांश जागे होतात. उतार जरा तीव्र झाला की आवाज बंद, जरा सपाट झाला की झणझण.

मला तिथेच उमगलं. बासचा "म्वा" ही जवारीच आहे, फक्त ती घोडीवर नसून बोटाच्या पुढच्या सगळ्या फिंगरबोर्डवर पसरलेली आहे. बोटाने दाबलेली तार पुढे उथळ कोनात वर जाते आणि बोर्डला शिवत शिवत सुटते. म्हणजे बाकाची खोली तेवढी मोजून भागत नाही, तो कुठेही न अडखळता वाहता असला पाहिजे. एका जागी अर्धा दशांश मिमीचा उंचवटा राहिला तरी तार तिथे आपटते आणि पुढे गप्प होते.

घरी येऊन असं केलं. प्रत्येक तारेच्या मार्गावर लांब सरळपट्टी ठेवायची आणि खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) सरकवायचा. ई तारेखाली सर्वात खोल जागी १.५ मिमी, जी खाली १. सर्वात खोल जागा मध्यापेक्षा थोडी नटकडे. मग दिवा बंद करून, फक्त खिडकीच्या उजेडात, बोर्ड डोळ्यांच्या पातळीवर धरायचा. प्रकाशाची रेघ त्याच्यावरून पाण्यासारखी सरकली पाहिजे. जिथे तुटते तिथे खूण करून फक्त तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं. काचपेपर शेवटी, लांब ठोकळ्यावर ताणून. मला यात सतरा दिवस गेले. बोर्डच्या शेवटाला तारांची उंची जी ६ मिमी आणि ई ९ ठेवली. गजाने जास्त वाजवणाऱ्यांनी याहून थोडी वर घ्यावी.

पोट

भरीव लाकडावर ब्रिज ठेवला की सूर फार लांबतो. डबल बासमध्ये तारेची ताकद वरच्या फळीला हलवण्यात खर्च होते, म्हणून सूर उठतो आणि ओसरतो, त्यातूनच ठेक्याला जागा मिळते. तो ठोका हवा असेल तर ब्रिजखाली काहीतरी हललं पाहिजे. मी ब्रिजखाली ३६० × १६० मिमीची पोकळी ठेवून वर देवदाराची ७ मिमी फळी बसवली, खाली एक उभी पट्टी. पोकळी याहून मोठी केली तर स्पीकरसमोर बास घुमायला लागतो.

ब्रिजवरचा भार काढून बघा. तारा ब्रिजवरून एकूण १४ अंशांत वळत असतील तर २ × ११२ × साइन ७ अंश, म्हणजे सुमारे २७ किलो खाली दाब. एवढा फळी सोसते. डबल बाससारखा ३० अंशांचा कोन ठेवला असता तर हाच दाब ५८ किलो झाला असता.

वीज

कंपनांची वीज करणारा भाग म्हणजे पिकअप. तारा पोलादी असतील तर चुंबकी पिकअपही चालतो, पण ब्रिजखालचा पिएझो (दाबातून वीज देणारी पट्टी) लाकडाचा आवाज जास्त देतो. तरी पिएझो लावून थेट मिक्सरला जोडलेल्या कित्येक बासचा आवाज किरटा येतो, आणि लोक लाकडाला दोष देतात. खरं कारण असं. पिएझो म्हणजे एक बारीक कपॅसिटर. तो पुढच्या यंत्राच्या रोधाशी मिळून खालचे सूर गाळून टाकतो, आणि गाळण्याची सीमा १ ÷ (२π × रोध × कपॅसिटन्स) इतकी येते. मी घेतलेली पट्टी मीटरवर जवळपास १ नॅनोफॅरड भरली. १ मेगाओहमच्या ॲम्प्लिफायरला जोडली तर सीमा १५९ हर्ट्झ. बासच्या मोकळ्या तारा आहेत ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या, म्हणजे चारही सीमेच्या खाली! १० मेगाओहम केला की सीमा १६ हर्ट्झवर येते आणि ई तार पूर्ण ऐकू येते.

त्यासाठी छोटा बफर पुरतो, म्हणजे पिएझोला मोठा रोध दाखवून सूर जसाच्या तसा पुढे देणारं सर्किट. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून टीएल०७१ ही चिप आणा. ९ व्होल्टची बॅटरी १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी निम्मी करा, त्या मध्यबिंदूपासून जमिनीशी (ग्राउंडशी) १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तिथून १० मेगाओहम चिपच्या अधिक पायाला. पिएझो १०० नॅनोफॅरडमधून त्याच पायाला. उणे पाय आउटपुटला जोडलेला, आणि आउटपुट १० मायक्रोफॅरडमधून जॅकला. जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीची उणे तार मधल्या कडीला जोडा, म्हणजे केबल काढली की बॅटरी आपोआप बंद. बफर पिएझोपासून हातभर अंतराच्या आत असावा. खोबणीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून जमिनीशी जोडली नाही तर ट्यूबलाइटची गुणगुण ऐकू येईल.

या बासचा आवाज डबल बाससारखा हुबेहूब येत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. विजेशी या वाद्याचं नातं जुनं आहे. "ॲम्पेग" हे नावच "ॲम्प्लिफाइड पेग"वरून आलं, म्हणजे डबल बासच्या टेकूच्या सळईवर बसवलेला मायक्रोफोन. त्याच कंपनीचा बेबी बास १९६०च्या दशकात आला आणि सालसा (लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीत) वाजवणाऱ्यांनी तो असा आपलासा केला की त्या संगीतात त्याचाच ठोका अपेक्षित असतो. जर्मनीच्या एबरहार्ड वेबरने पाच तारांच्या विजेच्या उभ्या बासवर गाणारा, लांबणारा स्वर कमावला. हे आवाज साध्या डबल बासमधून येत नाहीत.

तारा चढवणं

सगळ्या तारा एका दिवसात सुरात आणू नका. पहिल्या दिवशी चारही तारा निम्म्या ताणापर्यंत, रात्रभर तशाच. दुसऱ्या दिवशी सरळपट्टी लावून बाक मोजा, मग सुरात आणा. ब्रिज तारांच्या ओढीने खुंट्यांकडे झुकतो. दर वेळी बघून हाताने सरळ करा. पंधरा दिवसांनी परत मोजा.

ब्रिजच्या दोन्ही पायांत मी पितळेचे एम६ स्क्रू घरच्या लेथवर करून बसवले. एम६चा आटा १ मिमीचा, त्यामुळे पाव फेरा म्हणजे पाव मिमी. बासच्या पिशवीत एक वही आहे, तिच्यात लेक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन आकडे लिहिते: जीची उंची आणि ईखालचा बाक. गेल्या मे महिन्यात ६.० आणि १.५ होते. जुलैत ६.३ आणि १.७. दोन्ही स्क्रू एकेक पाव फेरा खाली, आणि दसऱ्यानंतर तेवढेच पुन्हा वर.